उजवीकडे कललेल्या रेघा

३ मे

वहिनी,
सा. न.

पत्र लिहायची वेळ आली, कारण तुमच्या खुडबुडच्या अर्जावर मला सही करता येत नाही. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्हाला अडचणीचं काही विचारलं की तुमचं दूध उतू जातं. कागदावर तसं होत नाही.

विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग ऑनर्सला दरवर्षी एक लहानशी तुकडी घेतात. तिला दुसरं काही नको आहे, हे मला माहीत आहे. आठवीपासून त्याच एका गोष्टीचा धोशा लावलाय तिने. अर्जासोबत स्वतः योजलेल्या एका वस्तूची हाताने काढलेली तीन ड्रॉइंग्ज जोडायची आणि ती तिनेच काढली आहेत असं एका इंजिनिअरने लिहून द्यायचं. आईवडील आणि शिक्षक चालत नाहीत. आत्या चालते. म्हणून तुम्ही ती माझ्याकडे पाठवलीत, इथपर्यंत सगळं ठीक.

आता माझी अडचण ऐका. माझी उभी नोकरी कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात दुसऱ्यांची शीटं तपासण्यात गेली. कोपऱ्यातलं नाव झाकलं तरी शीट कोणाचं ते मी सांगायची. एखादी वस्तू मधोमध कापून आतून दाखवायची असली की कापलेल्या भागावर तिरक्या रेघा ओढतात. त्याला आम्ही हॅचिंग म्हणतो. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या रेघा उजवीकडे कलतात, डावखुऱ्याच्या डावीकडे. खुडबुड डावखुरी आहे. गेल्या वर्षी तिने मला दाखवलेल्या सगळ्या शीटांवर रेघा डावीकडे कललेल्या होत्या. या तिन्ही शीटांवर उजवीकडे कलल्या आहेत.

शिवाय तिचा हात लिहिलेल्या अक्षरांवरून पुढे सरकतो, त्यामुळे तिची अक्षरं कायम काजळलेली असायची. त्यावरून मी तिला किती बोलले आहे. ही अक्षरं स्वच्छ आहेत. आणि रेघ थरथरलेली आहे. सतरा वर्षांच्या मुलीची रेघ वाकडी जाते, थरथरत नाही. थरथरते ती वय झालेल्या हाताची.

वस्तूबद्दलही शंका आहे. काम करताना तुकडा घट्ट धरून ठेवणारा व्हाइस सगळे हाताने आवळतात. हिने तो पायाने आवळायचा केला आहे. कल्पना चांगली आहे, म्हणूनच विचारते. दोन धड हात असलेल्या मुलीला हे सुचायचं कारण काय? हे वर्कशॉपमध्ये मुरलेल्या माणसाचं डोकं आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजचे ते उस्ताद, ज्यांच्याकडे ही सुट्टीभर पडीक असते, त्यांचं वय काय?

अर्जाची मुदत वीस जूनला संपते. त्याआधी उत्तर हवं.

तुमची,
नणंद


९ मे

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून दोन दिवस मला काही सुचेना. घरच्याच पोरीवर असा पहारा? मी तिला पत्र दाखवलं नाही. तिने वाचलं असतं तर जेवली नसती.

रेघांचं म्हणाल तर कॉलेजात ड्रॉइंगला नवीन सर आले आहेत. त्यांनी सगळ्यांना एकाच बाजूने रेघा मारायला लावल्या, असं ती म्हणत होती. मला त्यातलं काय कळतंय? अक्षर स्वच्छ आलं तर त्यात वाईट काय? इतकी वर्षं तुम्हीच तर बोलत होतात.

उस्तादांना मी तुमचं म्हणणं सांगितलं. सांगायला नको होतं, पण भाजी आणताना समोर आले आणि तोंडातून गेलं. ते हसले. म्हणाले, "तुमच्या नणंदबाईंना सांगा, मला सरळ रेघ मारता आली असती तर गाड्यांच्या पोटाखाली झोपून जन्म काढला असता का?" वय विचारलं नाही. तुम्ही येऊन विचारा.

तुम्ही फोन केलात तेव्हा ती घरात नव्हती. त्याआधी केलात तेव्हा झोपली होती. अभ्यास फार आहे. यांचा परवा बोटीवरून फोन आला होता, सगळं ठीक आहे म्हणाले. मीही ठीक आहे म्हणाले.

वन्सं, तुमची एक सही आहे. त्यासाठी एवढी उलटतपासणी नका करू. तुम्हीही कधी काळी एकटीच मुलगी म्हणून त्या वर्गात बसला होता ना?

तुमची,
वहिनी


१४ मे

वहिनी,
सा. न.

मी वर्गात एकटी होते, म्हणून माझं प्रत्येक शीट मुलांच्यापेक्षा दुप्पट वेळा तपासलं जायचं. त्याने माझं काही बिघडलं नाही. तो मुद्दा बाजूला ठेवू.

मी कॉलेजात फोन केला. ड्रॉइंगचे सर सज्जन वाटले. ते नवीन नाहीत, त्यांना तिथे बरीच वर्षं झाली आहेत. कोणती रेघ कुठे कलते याबद्दल आपण कधी कोणाला काही सांगितलं नाही असं म्हणाले. पुढे म्हणाले की तुमची भाची हिवाळ्यात बरेच दिवस कॉलेजात नव्हती. घरून चिठ्ठी आली होती, कावीळ झाल्याची.

कावीळ कधी झाली? मला कळवली नाही. दादाला तरी कळवलीत का? कावीळ झालेल्या मुलीला अंथरुणात ठेवतात. ती तेव्हा गॅरेजात बसून उस्तादांकडून ड्रॉइंग्ज काढून घेत नव्हती, हे मला कोण सांगणार?

एक खोटं मला सापडलं, की मी दुसरं शोधते. सवयच आहे तशी. तेव्हा आता असं करू. सोबत एक कोरं शीट पाठवते आहे. त्याच्या चारही कोपऱ्यांत माझी सही आहे, म्हणजे बदलता येणार नाही. वेगळ्या कागदावर एक पाइपचा जोड काढून दिला आहे. तिने तो मधोमध कापून दाखवावा, हॅचिंगसकट. आणि सोबत मला एक पत्र लिहावं, तिच्या हाताने. तुम्ही सांगायचं नाही, उस्तादांनी तर मुळीच नाही.

तुमची,
नणंद


२० मे

आत्या,

पत्र टाइप केलंय. टायपिंग शिकतेय, सराव होतो.

आईने तुझी दोन्ही पत्रं लपवून ठेवली होती. तांदळाच्या डब्यामागे. मला सापडली. आमच्या घरात वस्तू लपवायच्या जागा तीनच आहेत, आणि त्या तिघींना माहीत आहेत. तिसरी म्हणजे मांजर.

तू मागितलंस ते शीट काढलंय. चारही सह्या शाबूत आहेत, मोजून घे. जोड तू मुद्दाम अवघड दिलास, हेही कळलं. आत लपलेली ती खाच मी दाखवली आहे.

व्हाइसची कल्पना उस्तादांची नाही. त्यांनी ती पाहिली तेव्हा पहिल्यांदा म्हणाले, असलं काही चालत नसतं. मग आम्ही भंगारातून एक बनवला आणि चालला. तेव्हापासून म्हणतात, मी तर आधीच सांगितलं होतं. एका हाताने कानस चालवायची तर दुसरा हात मोकळा हवा की नको, हे ज्याचं त्याने ठरवावं.

बाबा सांगतात की आत्याने आयुष्यात कोणाच्या ड्रॉइंगला चांगलं म्हटलेलं नाही. तू माझ्या कल्पनेला चांगली म्हणालीस. तेवढं वाक्य मी पत्रातून कापून ठेवलंय. बाकीचं पत्र परत तांदळामागे.

मला या ऑनर्सला जायचंय. इतर कुठे गेले तर यंत्रांची नावं पाठ करीन. तिथे यंत्रं करायला देतात. एवढंच सांगायचंय.

तुझी,
खुडबुड


२५ मे

वहिनी,
सा. न.

शीट मिळालं. पत्रही मिळालं, टाइप केलेलं. मी हाताने लिहायला सांगितलं की यंत्र आठवतं, हा योगायोग मला पटत नाही.

शीट उत्तम आहे. खाच बरोबर दाखवली आहे. ती माझ्या ऑफिसात निम्म्या लोकांना दिसली नसती. पण रेघा पुन्हा उजवीकडे कललेल्या आणि पुन्हा त्याच थरथरीच्या. म्हणजे आधीची तीन आणि हे चौथं, सगळी एकाच हातची आहेत. तो हात आमच्या मुलीचा नाही. पत्रातली वाक्यं मात्र तिचीच आहेत, तो आगाऊपणा दुसऱ्या कोणाला जमणार नाही. म्हणजे डोकं तिचं आणि हात दुसऱ्याचा. असं चालत नाही, वहिनी. मुलाखतीत ड्रॉइंग बोर्डापुढे बसवून काढायला लावतात. तिथे उस्ताद नसतील. तिथे पकडली गेली तर नुसती ही जागाच नाही, नावही जाईल.

मी शनिवारी सकाळच्या गाडीने येते आहे. तिने माझ्यासमोर काढावं. आधीचं सगळं मी विसरेन. काढणार नसेल तर मी सही करणार नाही, आणि का केली नाही ते दादाला कळवीन.

तुमची,
नणंद


२८ मे

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

येऊ नका. हे पत्र तुम्हाला शनिवारच्या आत मिळावं म्हणून गॅरेजातल्या माणसाबरोबर पाठवते आहे. तो तुमच्याच गावी सुटे भाग आणायला जातो.

कावीळ नव्हती. हिवाळ्यात उस्तादांच्या गॅरेजात ड्रिल मशीनवर तिचा डावा हात सापडला. मधली दोन बोटं गेली. अंगठा आहे, पण त्यात जोर नाही. पेन्सिल धरली की गळून पडते.

तिला निष्काळजी म्हणू नका. मी घेऊन दिलेले जाड हातमोजे घातल्याशिवाय ती मशीनजवळ जात नसे. त्या दिवशीही घातलेले होते. तेवढे होते म्हणून दोन बोटांवर निभावलं, नाही तर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. उस्तादांना त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत बघवत नाही. इतर बोलतात, पण तो विषय ते काढत नाहीत, मीही काढत नाही.

दवाखान्यात शुद्धीवर आली तेव्हा बँडेजकडे बघितलंसुद्धा नाही. उजवा हात डोळ्यांसमोर धरून उघडझाप करत बसली. घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून रेघा सुरू. बालवाडीतल्या पोरासारख्या. माझ्या कपाटातला सगळा कागद संपवला, मग जुन्या वर्तमानपत्रांच्या कडा, मग भिंतीवर लावायच्या कॅलेंडरची मागची बाजू. तो व्हाइसही तिने आधी स्वतःसाठीच केला. डाव्या हाताने तुकडा धरता येत नाही, मग पायाने धरायचा.

यांना सांगितलं नाही. भर समुद्रात ऐकून ते करणार काय? आणि परत येऊन म्हणतील, पुरे झालं इंजिनिअरिंग. तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही सांगाल.

आता खरं ते लिहिते. अर्जात विचारलंय, शारीरिक व्यंग आहे का. असल्यास स्वरूप आणि कारण. मी तिथे "नाही" लिहिलं. तुम्ही आलात तर हात बघाल, बघितलात तर गप्प बसणार नाही. सही करायची नसली तर करू नका. पण वन्सं, लिहू नका. तिला तेवढ्यासाठी नाकारलं तर मी काय करू?

तुमची,
वहिनी


४ जून

आत्या,

हे हाताने लिहितेय. उजव्या. ओळी वर चढतात, त्याला इलाज नाही.

तू येणार नाहीस असं आईला वाटत होतं. मी तिला म्हटलं, येऊ नका असं लिहिलंस म्हणजे तू तिला तिकीटच काढून दिलंस. शनिवारी तू दारात चप्पल काढलीस, माझा हात हातात घेतलास, उलटा करून पाहिलास, आणि म्हणालीस, "बोर्ड कुठे आहे?" दुसऱ्या कोणीही आधी रडून घेतलं असतं. मला ते बरं वाटलं.

मी काढत होते तेव्हा तू मागे उभी राहून चहाला नाही म्हणत होतीस. आई स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होती. शीट संपल्यावर तू म्हणालीस, वर्तुळं कच्ची आहेत. आई तुझ्यावर चिडली आहे अजून. म्हणते, वर्तुळांचं काय घेऊन बसल्यात.

आता ज्यासाठी लिहितेय ते. स्टॉपवर तू हळूच विचारलंस, "ड्रिलवर हातमोजे घातले होतेस?" मी हो म्हटलं आणि तू पुढे काही बोलली नाहीस. म्हणजे तुला कळलं. उस्ताद मला नेहमी सांगायचे, फिरत्या यंत्रावर मोजा घालायचा नाही. उघडा हात निसटतो, मोजा अडकला की हातही आत ओढला जातो. त्यांचं लक्ष असलं की मी काढून ठेवायची. ते नसले की घालायची, कारण हात काळे करून घरी गेले की आई रात्रभर चिडचिड करायची. मुलीचे हात, मुलीचे हात. त्या दिवशी उस्ताद बँकेत गेले होते.

तिला वाटतं मोज्यांनी माझे हात वाचवले. सगळ्यांना सांगते. उस्ताद ऐकून घेतात.

अर्जात खरं लिही. व्यंग आहे, बोटं नाहीत, उजव्या हाताने काढते, सगळं. मी तर पहिल्यापासून म्हणत होते, आईच ऐकेना. पण कारणाच्या रकान्यात मोजा लिहू नकोस. तो अर्ज ती वाचेल. ती सगळं वाचते.

तुझी,
खुडबुड


९ जून

खुडबुड,

तू म्हणतेस तसं करते आहे. ते मला आवडलेलं नाही, हे तुला माहीत असावं. अर्धी नोंद म्हणजे खोटी नोंद, असं मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगत आले.

मी काल विद्यापीठात जाऊन विचारून आले. व्यंग आहे म्हणून अर्ज फेटाळत नाहीत. पण वर्कशॉपमध्ये सुरक्षित काम करता येईल का, हे मुलाखतीतले तिघं ठरवतात आणि त्यांचा शब्द शेवटचा. त्यातला एक कडक आहे म्हणतात. म्हणजे जागा मिळेल असं मी सांगू शकत नाही. त्यांनी अपघाताबद्दल विचारलं तर तिथे सगळं सांग, मोज्यासकट. ज्या मुलीला आपलं काय चुकलं हे कळलेलं नाही, तिला यंत्राजवळ मीसुद्धा उभी करणार नाही. तिथे तुझी आई नसेल.

पण एक गोष्ट मी पुढे ढकलू देणार नाही. तुझ्या बाबांना अर्जाच्या आधी कळलं पाहिजे, आणि ते तुझ्या आईने सांगायचं. तसं मी तिला वेगळं लिहिलं आहे. त्यात मोज्याचं काही नाही.

संशय घेतला म्हणून मी माफी मागणार नाही. हात वेगळा आहे असं मी म्हणाले, आणि हात वेगळाच होता. तो तुझाच असेल, एवढं माझ्या डोक्यात आलं नाही. थरथरीवरून वय काढलं, ते तर साफ चुकलं. उस्तादांना माझा नमस्कार सांग. त्यांना आणखी काही सांगायची मला गरज वाटत नाही. तो माणूस गप्प बसून जे करतो आहे ते मी पाहिलं.

रोज वर्तुळं काढ. कंपास न वापरता.

आत्या


१६ जून

वहिनी,
सा. न.

दादाचा फोन मलाही आला. तुम्ही सांगितलंत, हे बरं केलंत. मागे समुद्राचा आवाज होता. त्याने विचारलं, "ताई, आता तिची रेघ सरळ येते का?" मी म्हटलं, येते, वर्तुळं कच्ची आहेत. तो हसला की रडला ते मला लाइनवर कळलं नाही. पुरे झालं इंजिनिअरिंग, असं म्हणाला नाही, हे तुम्हाला सांगायचं होतं.

आज सकाळी अर्ज विद्यापीठाच्या कचेरीत दिला. काय काय हवाली केलं त्याची नोंद तुमच्यासाठी लिहून ठेवते.

नवा अर्ज, तिने स्वतः उजव्या हाताने भरलेला. "नाही" लिहिलेला जुना अर्ज मी फाडला.

व्हाइसची तीन शीटं. त्यांच्या जोडीला गेल्या वर्षीचं डाव्या हाताचं एक शीट, आणि त्या शनिवारी तुमच्या घरी माझ्यासमोर काढलेलं एक. शेजारी शेजारी ठेवली की दोन माणसांची वाटतात. दोन्ही एकीचीच आहेत, असं त्यांवर लिहून खाली मी सही केली.

प्रत्यक्ष व्हाइस, भंगारातून केलेला, गोणपाटात गुंडाळून. गॅरेजच्या माणसाने तो माझ्या दारात आणून दिला होता. कचेरीत तो उचलायला शिपायाने दुसऱ्याला बोलावलं.

डॉक्टरांचा दाखला. दोन बोटं नाहीत, अंगठ्यात जोर कमी, उजवा हात पूर्ण चांगला.

व्यंगाच्या रकान्यात तेच. कारणाच्या रकान्यात एक ओळ, माझ्या अक्षरात: ड्रिल मशीनवर काम करताना. कारकून म्हणाला, बाई, अजून बरीच जागा आहे, आणखी काही लिहायचं का? मी नाही म्हटलं.

त्याने शिक्का मारून पोच दिली. ती या पत्रासोबत आहे.

तुमची,
नणंद